बाईसाहेब घरी नाहीत

मित्रांनो, मी एक जुनं तबक आहे. चहाचं नव्हे आणि फराळाचंही नव्हे. माझ्यावर माणसांची नावं ठेवत असत. लोक दाराशी यायचे, जाड पुठ्ठ्यावर छापलेलं आपलं नाव माझ्यावर ठेवायचे आणि परत जायचे. चाळीस वर्षं मी हेच केलं. काम काही जड नव्हतं, पण आता त्याचा शीण आला आहे. एक गोष्ट मात्र मनात राहून गेली आहे, ती तेवढी तुम्हाला सांगून टाकावी म्हणतो.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यातला. तांब्याचा पत्रा कापून मला गोल केलं, काठाला द्राक्षाचा वेल उठवला आणि मग एका टाकीत बुडवून अंगावर चांदीचं पाणी चढवलं. म्हणजे वरून चांदी आणि आत तांबं. हे आधीच सांगतो, कारण पुढे सगळ्यांनी मला चांदीचं म्हटलं आणि मी मूग गिळून बसलो. लग्नाचा आहेर म्हणून मी लव्हिनिया थरलो यांच्या, म्हणजे आमच्या बाईसाहेबांच्या, हाती आलो, तेव्हा त्यांनी मला उलटं करून पाठीवरचा शिक्का पाहिला. कुणी बघत नाही ना, याची खात्री केली आणि पटकन सुलटं केलं. आम्ही दोघांनीही त्याबद्दल पुन्हा कधी ब्र काढला नाही.

इंग्लंडातल्याच लेमिंग्टन गावात लाइम क्रेसेंट नावाची गल्ली आहे, पांढऱ्या घरांची एक लांबच लांब रांग. त्यातलं चौदा नंबरचं घर आमचं. पुढच्या दारातून आत आलं की अरुंद पॅसेज, त्यात एका पायाने लंगडं टेबल आणि टेबलावर मी. बाजूला दिवाणखाना. माझ्या पाठीमागे, पॅसेजच्या टोकाला, स्वयंपाकघर आणि मागचं दार. पुढच्या दाराने पाहुणे यायचे. मागच्या दाराने कोळसेवाला, दूधवाला, धोबीण. मला ठेवलं होतं ते पुढच्या दारासाठी. मागून कोण येतं आणि कोण जातं, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

बाईसाहेबांचा पाहुण्यांना भेटायचा वार मंगळवार. मंगळवारी तीन ते पाच त्या घरी असायच्या. एरवी त्या घरात असल्या तरी घरी नसायच्या. तुम्हाला हे चमत्कारिक वाटेल, पण आमच्या गल्लीत कुणाला वाटत नव्हतं. मोलकरीण दार उघडून म्हणायची, "बाईसाहेब घरी नाहीत." त्याच वेळी वरच्या मजल्यावरून बाईसाहेबांचा खोकला ऐकू यायचा. पाहुणी गोड हसून "असं का" म्हणायची, कार्ड ठेवायची आणि वळायची. तिच्या घरीही तेच चालायचं. शनिवारी न्याहारी झाली की बाईसाहेब वही घेऊन बसायच्या, माझ्यावरची आठवड्याची कार्डं एकेक करून पाहायच्या आणि कुणाकडे उलट भेटीला जायचं ते लिहून ठेवायच्या. तोवर कार्डांना हात लावायचा नाही, असा नियम होता.

एका कार्डाला मात्र रोज हात लागायचा. ते होतं उमराव घराण्यातल्या लेडी अ‍ॅम्बरशॅम यांचं. या लेडीसाहेबांना जायचं होतं एकेचाळीस नंबरला, त्यांच्या म्हाताऱ्या शिक्षिकेकडे. त्यांच्या नोकराने आकडे उलटे वाचले आणि कार्ड आमच्याकडे ठेवलं. अर्ध्या तासाने तो बिचारा धापा टाकत ते परत मागायला आला. बाईसाहेबांनी जिन्यावरूनच हळू आवाजात सांगितलं, "मी घरी नाही म्हणावं." ते कार्ड मग कायमचं आमचं झालं. दर संध्याकाळी खाली आल्या की बाईसाहेब त्याला बोटांच्या चिमटीत धरून सगळ्यांच्या वर आणून ठेवायच्या. येणाऱ्याची नजर पहिल्यांदा त्याच्यावर पडायला हवी ना! त्याच्या खाली काय आहे हे त्या बघायच्याही नाहीत. ही खोड लक्षात ठेवा.

दार उघडायला तेव्हा केझाया नावाची मुलगी होती. खेड्यातून आलेली, उंच, रुंद खांद्यांची. पहिल्या दिवशी बाईसाहेबांनी तिला माझ्यासमोरच उभं केलं.

"नाव काय तुझं?"

"केझाया, बाईसाहेब."

"अगं बाई! एवढी हाक मारेपर्यंत चहा गार व्हायचा. या घरात दारावरच्या मुलीला एलन म्हणतात. आधीची एलन होती, तिच्या आधीचीही एलनच."

"त्या सगळ्या खरंच एलन होत्या का, बाईसाहेब?"

"पहिली होती," बाईसाहेब म्हणाल्या.

त्या घरात तिला केझाया म्हणणारं एकच माणूस होतं. ते म्हणजे हेस्टर, बाईसाहेबांची धाकटी बहीण. दोघींमध्ये नऊ वर्षांचं अंतर. आई लवकर गेली, म्हणून लव्हिनियानेच तिची वेणीफणी केली, तिला अक्षरं शिकवली, पियानोवर तिची बोटं धरून बसवली. स्वतःचं लग्न झालं तेव्हा बाईसाहेब तिला सोबत घेऊन आल्या. हेस्टर जिन्याच्या दोन दोन पायऱ्या गाळत खाली यायची आणि जाता जाता माझ्यावर टिचकी मारायची. मला ती आवडायची. बाईसाहेबांना तर तिच्यावाचून चैन पडत नसे, पण तसं म्हणून दाखवायची त्यांना सवय नव्हती.

दर तीन महिन्यांनी अमॉस प्रुएट नावाचा माणूस पियानो सुरात लावायला यायचा. अर्थात मागच्या दाराने. त्याच्या कातडी पिशवीत एक नादकाटा होता, दोन दात्यांचा, पोलादी. एकदा हेस्टरला गंमत दाखवायला त्याने तो गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा माझ्या काठाला टेकवला. मित्रांनो, माझं सगळं अंग गुणगुणायला लागलं. माझ्यातून काही आवाज निघू शकतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. हेस्टर म्हणाली, "पुन्हा करा ना." त्याने पुन्हा केलं. पुढे पियानो दर महिन्याला बिघडू लागला, आणि मग एका सकाळी हेस्टरने पॅसेजमध्येच बहिणीला सांगितलं की ती अमॉसशी लग्न करणार आहे.

बाईसाहेब बराच वेळ हातमोज्यांची बटणं लावत राहिल्या.

"कर. मी काही आडवी येणार नाही. माणूस वाईट नाही तो. फक्त एक कर, त्याला म्हणावं, येत जा तसाच येत जा."

"म्हणजे?"

"म्हणजे मागच्या दाराने. सगळी गल्ली त्याला त्याच दाराने ओळखते, हेस्टर. उद्या तो पुढच्या पायऱ्या चढताना दिसला, तर लोक मला काय विचारतील?"

"विचारतील, कोण हे? तू सांग, माझ्या बहिणीचा नवरा."

"इतकं सोपं असतं का ते?"

"बरं. मग मीही मागच्याच दाराने येईन. कोळसेवाल्याच्या मागोमाग."

"वेडेपणा करू नकोस."

"मग कुठल्याच दाराने नको," असं म्हणून हेस्टर पुढच्या दाराने निघून गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. बाईसाहेबांनी लावलेली बटणं पुन्हा सोडली.

चार वर्षं गेली. हेस्टर त्याच गावात, कालव्यापलीकडे एका दुकानाच्या माडीवर राहत होती. रस्त्यात दोघी समोरासमोर आल्या तर एक जण दुकानाच्या काचेत बघत उभी राहायची. पियानो लावायला बाईसाहेबांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही. त्याचा मधला एक सूर उतरला, आणि तो नेमका नादकाट्यातून निघतो तोच सूर होता. तरी त्या रोज वाजवायला बसायच्या. हेस्टर येईल, ती आपणहून येईल, मग आपण काही न बोलता तिला चहा देऊ, असं त्या थरलोसाहेबांना म्हणायच्या. थरलोसाहेब म्हणजे बाईसाहेबांचे यजमान, वकील. ते "येईल, येईल" म्हणायचे आणि वर्तमानपत्राचं पान उलटायचे.

आणि ती आली. एकोणीसशे दहा सालचा मे महिना, बुधवार. सकाळपासून बाईसाहेबांचं डोकं दुखत होतं. "आज मी कुणासाठीही घरी नाही, एलन. राजा आला तरी नाही," असं सांगून त्या दिवाणखान्याचं दार लावून पियानोशी बसल्या. दुपारी घंटी वाजली. केझायाने दार उघडलं. पायरीवर हेस्टर होती, प्रवासाचा जाड कोट घातलेली.

केझायाचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला. आतून पियानो ऐकू येत होता. "बाईसाहेब..." ती म्हणाली आणि थांबली. "बाईसाहेब घरी नाहीत, मिस हेस्टर."

हेस्टर ऐकत उभी राहिली. तो उतरलेला सूर आला तेव्हा ती जराशी हसली. "माझ्यासाठी नाहीत, की सगळ्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी म्हणाल्यात. मी आत जाऊन सांगू का? ओरडल्या तर ओरडल्या."

"नको. तुला बोलणी बसतील." तिने पिशवीतून एक कार्ड काढलं. मिसेस अमॉस प्रुएट, असं त्याच्यावर छापलेलं होतं. "अमॉसने डझनभर छापून घेतलीत गं माझ्यासाठी. वापरायला काढलेलं हे पहिलंच." मग तिने पेन्सिलीने कार्डाच्या कोपऱ्यात तीन अक्षरं लिहिली, पी, पी, सी. फ्रेंच भाषेतली ती अक्षरं आहेत. गाव सोडून जाणारा माणूस ती लिहितो आणि त्यांचा अर्थ एवढाच, की मी निरोप घ्यायला आलो होतो. केझायाला तो अर्थ माहीत नव्हता.

"शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही लिव्हरपूलला जातोय. तिथून कॅनडा. कार्ड बघितलं की तिला कळेल. माझं घर तिला ठाऊक आहे. पण तू तोंडाने काही सांगू नकोस हं, केझाया. यायचं तर तिचं तिला येऊ दे. वचन दे."

"दिलं, मिस हेस्टर."

कार्ड माझ्यावर आलं. पायरीवर हेस्टरला रडू फुटलं, तेव्हा केझाया खाली वाकून पायपुसणं सरळ करत राहिली. ते सरळच होतं.

त्या संध्याकाळी बाईसाहेब खाली आल्या. मी जर ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. त्यांनी लेडी अ‍ॅम्बरशॅमचं कार्ड चिमटीत धरलं, हेस्टरच्या नावावर आणून ठेवलं आणि विचारलं, "कुणी आलं होतं का?"

"कार्डं तबकात आहेत, बाईसाहेब," केझाया म्हणाली. ती तिथेच उभी राहिली. बाईसाहेब जेवायला गेल्या.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. केझायाने त्या दोन दिवसांत मला पाच वेळा पुसलं. दर वेळी ती वरचं कार्ड जरा बाजूला सरकवून ठेवायची, म्हणजे खालचं नाव दिसावं. दर संध्याकाळी बाईसाहेब येऊन ते नीट मध्यावर आणून ठेवायच्या.

शनिवारी साडेदहाला त्या वही घेऊन बसल्या आणि तिसरं कार्ड हाती लागलं ते हेस्टरचं. मी त्यांचा चेहरा पाहिला आहे. असा चेहरा मला पुन्हा पाहायचा नाही.

"एलन! ही कधी आली होती?"

"बुधवारी."

"मी कुठे होते?"

"पियानो वाजवत होता तुम्ही."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कुणासाठीही घरी नव्हता, बाईसाहेब. आणि त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं." मग केझायाच ढसाढसा रडायला लागली.

बाईसाहेब टोपी न घालताच धावल्या. लाइम क्रेसेंटवर टोपीशिवाय धावणारी बाई त्याआधी कुणी पाहिली नव्हती. कालव्यापलीकडच्या माडीला कुलूप होतं. गाडी नऊ वाजून दहा मिनिटांची होती, असं खालच्या दुकानदाराने सांगितलं. परत आल्यावर त्यांनी हेस्टरचं कार्ड पुन्हा माझ्यावर ठेवलं, सगळ्यांच्या तळाशी, आणि लेडीसाहेबांचं त्याच्यावर.

पत्र लिहायचं तर पत्ता नव्हता. हेस्टर लिहील, म्हणून त्या वाट पाहत राहिल्या. हेस्टर कशाला लिहील? तिने तर पियानो आपल्या कानांनी ऐकला होता. बहीण आत आहे, कार्ड पाहूनही आली नाही, एवढंच तिला माहीत होतं. माझ्यावरून किती नावं आली आणि गेली, पण ही गाठ काही सुटेना. आपण तिला परत पाठवलं नव्हतं, हे तिला कळावं, एवढी एकच इच्छा बाईसाहेबांना उरली. त्या ती कुणाजवळ बोलायच्या नाहीत. सकाळी मला पुसताना तळाचं कार्ड काढायच्या, बघायच्या आणि परत ठेवायच्या, त्यावरून मला समजायचं.

मग मोठं युद्ध आलं. सोळा साली केझाया तोफगोळ्यांच्या कारखान्यात गेली. जाताना म्हणाली, "तिथे मला केझाया म्हणतात, बाईसाहेब." आणि पुढे म्हणाली, "त्या बुधवारी मी आत यायला हवं होतं. रोज वाटतं मला."

"तुला सांगितलं होतं तसंच तू केलंस," बाईसाहेब म्हणाल्या. त्यांनी तिला दारापर्यंत पोचवलं, पुढच्या.

युद्ध संपलं, थरलोसाहेब गेले, वरच्या खोल्या बंद झाल्या. मोलकरीण पुन्हा मिळाली नाही. आणि इथून मित्रांनो, आमच्या घरात एक नाटक सुरू झालं. बाईसाहेबांनी स्वतःच्या हाताने पुढचं दार उघडायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घंटी वाजली की त्या दाराआड उभ्या राहायच्या, दार चार बोटं उघडायच्या आणि खेड्यातल्या मुलीसारखा जाड आवाज काढून म्हणायच्या, "बाईसाहेब घरी नाहीत." मग फटीतून फक्त हात बाहेर, आणि हातात मी. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं. समोरच्या मिसेस कॉबल्ड तर मुद्दाम विचारायच्या, "एलन, आवाज बसलाय गं तुझा, सर्दी झाली का?"

"हो, मॅडम."

"बरं, पायरीवर सूप ठेवतेय. बाईसाहेब घरी आल्या की गरम करून दे हो त्यांना. आणि सगळं पी म्हणावं."

माझंही वय झालं होतं. बाईसाहेब मला रोज घासायच्या. पावडर, फडकं, पुन्हा पावडर. घासून घासून माझी चांदी निघून गेली आणि मध्यभागी तांबं दिसायला लागलं. जितकं तांबं दिसे, तितक्या त्या जास्त घासायच्या. त्यांना वाटायचं, आपण निगा राखतो आहोत. मला नुसता थकवा यायचा.

एकोणीसशे तीसच्या एप्रिलमध्ये, गुरुवारी दुपारी घंटी वाजली. फट उघडली.

"बाईसाहेब घरी नाहीत."

"अरेरे! मग कधी येतील?" मुलीचा आवाज होता, तरुण आणि जरा हेल काढून बोलणारा.

मित्रांनो, चाळीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बाईसाहेबांच्या हातात मी गोंधळून गेलो.

"सांगता नाही यायचं."

"चालेल, थांबते मी. कॅनडाहून आलेय, तास दोन तासांनी काय होतंय? तुम्ही केझाया ना? आई म्हणायची, घरातले तिला एलन म्हणतात, तू मात्र केझायाच म्हण."

दाराआडून उत्तर आलं, "हो. केझाया."

"मी ऑड्री. हेस्टरची मुलगी. तुमच्यासाठी आईचा निरोप आहे. ती इथे पायरीवर रडली, तेव्हा तुम्ही तिच्याकडे न बघता पायपुसणं सरळ करत बसलात. ते ती कधी विसरली नाही. तिने आभार मानायला सांगितलंय." मग आवाज खाली आला. "आई गेली हो. मागच्या ऑक्टोबरात. पण मावशीला तुम्ही सांगू नका, माझ्याच तोंडून कळू दे तिला. वचन द्या."

"दिलं," बाईसाहेब म्हणाल्या. आवाज जाड काढायचं त्या विसरल्या होत्या, पण त्या पोरीच्या लक्षात आलं नाही.

"कार्ड नाहीये माझ्याकडे. आमच्याकडे असलं कुणी छापत नाही. हे ठेवते." आणि माझ्यावर काहीतरी जड पडलं. मी नखशिखांत गुणगुणलो. पाहतो तर तो पोलादी नादकाटा, अमॉसचा.

दार लागलं. बाईसाहेबांनी मला टेबलावर ठेवलं आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. दाराबाहेर ती मुलगी पायरीवर बसून शीळ घालत होती. बाईसाहेबांनी कडीवर हात ठेवला, काढून घेतला, पुन्हा ठेवला. दार उघडलं तर काय सांगणार? की त्या दिवशीसारखी मी आजही घरीच होते? शेवटी त्यांनी खुंटीवरची टोपी आणि पर्स घेतली, हातमोजे घातले, बटणं लावली आणि माझ्या पाठीमागे पॅसेजमधून चालत गेल्या. मागचं दार फुगून घट्ट बसलेलं. त्यांनी खांद्याने ढकललं, ते उघडलं आणि त्यांच्यामागे लागलं. कोळसेवाल्याच्या गल्लीतून सगळ्या घरांना वळसा घालून पुढे यायला त्या गुडघ्यांना पाव तास लागला असेल. मग फाटक वाजलं.

"कुणाची वाट बघतेस, बाळ?"

"मिसेस थरलोंची. माझी मावशी ती. केझाया म्हणाली, घरी नाहीत."

"ही बघ आले मी घरी."

त्यानंतर ऑड्रीने त्यांना आई गेल्याचं सांगितलं. बाईसाहेबांनी "कधी?" म्हणून विचारलं. "ऑक्टोबरात," ती म्हणाली. केझायाच्या नावाने दिलेलं वचन त्यांनी असं पाळलं. नुसत्या पायरीवर तिच्या शेजारी बसल्या. लाइम क्रेसेंटच्या पुढच्या पायरीवर.

"आई नेहमी सांगायची," ऑड्री म्हणाली, "निघायच्या आधी मी लव्हिनियाचा निरोप घ्यायला गेले होते, पण ती नेमकी घरी नव्हती."

"असं सांगायची?"

"हो. कुणीही विचारलं तरी तेवढंच."

"होते गं मी घरी. आत पियानोशी बसले होते. दाराशी ती आहे हे मला ठाऊक नव्हतं. कार्ड पाहिलं शनिवारी, आणि धावत गेले तोवर गाडी सुटली होती. पण घरीच होते, ऑड्री. मी घरीच होते."



"लहानपणी मी आईला विचारलं होतं," ऑड्री हळूच म्हणाली. "म्हटलं, तू म्हणतेस आतून पियानो ऐकू येत होता. मावशी घरी नव्हती, मग वाजवत कोण होतं?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मांजर असेल."

बाईसाहेब हसल्या. मग त्यांचं नाक पुसणं बराच वेळ चाललं. "आम्ही मांजर कधी पाळलंच नाही," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या, आणि मग पर्स चाचपण्याचा आवाज आला. किल्ली इथे होती, खुंटीला, माझ्या डोक्यावर.

"राहिली वाटतं आत. केझायाला सांगा ना उघडायला," ऑड्री म्हणाली.

"केझाया सोळा सालीच गेली, बाळ."

"मग मघाशी..." आणि ती पोरगी बोलता बोलता थांबली. तिला सगळं कळलं असावं. तिने पुढे विचारलं नाही. आईवर गेली होती.

"मागच्या दाराने जाऊ," बाईसाहेब म्हणाल्या. "तिकडे चिखल आहे. माझा हात धर."

चाळीस वर्षं मी पुढच्या दारावर डोळा ठेवून होतो, मित्रांनो. आणि ज्यांची एवढी वाट पाहिली ती पावलं आली माझ्या पाठीमागून, स्वयंपाकघराच्या बाजूने, चिखलाची.

ऑड्री वडिलांकडून पियानो लावायला शिकली होती. तिने माझ्यावरचा नादकाटा उचलला आणि दिवाणखान्यात जाऊन तो उतरलेला सूर दुपारभर ओढून ओढून जागेवर आणला. टेबल लंगडतंय हे पाहून तिने लेडी अ‍ॅम्बरशॅमचं कार्ड चौपदरी दुमडलं आणि पायाखाली सारलं. बाईसाहेब ते बघत होत्या. आता माझ्यावर एकच कार्ड असतं, कोपऱ्यात तीन अक्षरं लिहिलेलं. पावडरचा डबा बंद झाला आहे. माझं तांबं आता सगळ्यांना दिसतं, आणि ते एक बरंच झालं.

माझं सांगणं एवढंच आहे. आम्हा जुन्या वस्तूंना जपा, पण घासत बसू नका, त्याने आम्ही झिजतो. पुसायला साधं फडकं पुरतं. आणि कुणी तुमच्यासाठी माझ्यावर काही ठेवून गेलं असेल, तर ते त्याच दिवशी पाहा. शनिवारची वाट पाहू नका.